एक गाडी, एक फलाट

मेघाच्या टीममध्ये नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला चहा मिळायचा आणि दुसऱ्या दिवशी बोलणी. बोलणी कशाबद्दल, तेही ठरलेलं. नागपूरच्या मिहानमधली तिची कंपनी दुसऱ्यांचा क्लाउड सांभाळायची. म्हणजे कुणा कापडवाल्याचा, कुणा शाळेचा, कुणा पतसंस्थेचा सगळा डेटा कुठल्यातरी लांबच्या मशिनींवर पडलेला, आणि किल्ल्या यांच्या हातात. प्रत्येक ग्राहकाचं खातं वेगळं. खात्यात शिरलं की समोर जे पान उघडतं ते कन्सोल, आणि तिथून वाट्टेल ते करता येतं. या कन्सोलची एक वाईट खोड आहे. सगळ्या खात्यांची पानं दिसायला सारखी, आणि एक ब्राउझर एका वेळी एकाच खात्याला ओळखतो. तुम्ही एका टॅबमध्ये कापडवाल्याकडे बसलात आणि दुसऱ्या टॅबमध्ये शाळेच्या खात्यात लॉगिन केलंत, की पहिल्या टॅबमधला कापडवाला गुपचूप बाहेर. टॅब मात्र तिथंच, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं. त्यावर जाऊन पान ताजं केलं आणि बटण दाबलं, की दणका शाळेला.

टीममधल्या अंकितनं एकदा असाच एका ग्राहकाचा चालू कारभार बंद पाडला होता. चार तास नुसता गोंधळ. मेघा त्या रविवारी खाप्याला घरी गेली तेव्हा तिनं हे बाबांना सांगितलं. बाबा म्हणजे गोपाळराव. सावनेरच्या बसस्टँडवर एसटीचे कंट्रोलर म्हणून जन्म काढला. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, हातात माईक. त्यांना क्लाउडमधलं ओ का ठो कळत नव्हतं, पण चूक लगेच कळली.

“एका फलाटावर दोन गाड्या लावल्या तुमच्या पोट्ट्यानं,” ते म्हणाले. “पब्लिक पाटी वाचत नसते, बेटा. काल जिथं खाप्याची गाडी लागली तिथं आज काटोलची लावली, तरी खाप्याचा माणूस चढतेच. त्याची काय चूक? एक गाडी, एक फलाट. कंट्रोलरनं एवढं पाळलं का झालं.”

सोमवारी मेघानं एक छोटी आज्ञा लिहिली आणि तिचं नाव ठेवलं ‘फलाट’. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर ‘फलाट शाळा’ असं लिहून एंटर मारलं, की संगणक आपणच लॉगिन करायचा आणि शाळेचं कन्सोल एका वेगळ्या, स्वतंत्र ब्राउझरमध्ये उघडायचा. वर हिरवी पट्टी. ‘फलाट कापड’ लिहिलं की दुसरी खिडकी, पिवळी पट्टी. या खिडकीला त्या खिडकीची काही खबर नाही. कितीही खाती शेजारी शेजारी उघडा, कुणी कुणाला बाहेर ढकलत नाही. साधं काम होतं, पण सगळी टीम तेच वापरू लागली. आणि कुणी आळसानं साध्या ब्राउझरमध्ये दोन खाती उघडलेली दिसली की मेघा त्याच्या खुर्चीमागे उभी राहून म्हणायची, “पब्लिक पाटी वाचत नसते.” पोरं हसायची. पण ऐकायची.

आता गोपाळरावांच्या आवाजाबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट त्याचीच आहे. माईक बिघडला तरी सावनेरच्या स्टँडवर कुणाची गाडी चुकायची नाही, असा आवाज. “पाटणसावंगी, कोराडी मार्गे नागपूर,” हे ते असं म्हणायचे की न जाणाऱ्यालाही जावंसं वाटावं. अशोक विजयादशमीला रजा टाकून ते दीक्षाभूमीवर जात, आणि हरवलेल्या माणसांच्या मंडपात माईक धरून बसत. कुणाची म्हातारी, कुणाचं लेकरू, सगळ्यांची नावं त्याच आवाजात. लोकं आपली माणसं घेऊन जाताना त्यांना जयभीम घालत. ते घरी येऊन प्रेमिलाबाईंना सांगत की आज इतक्या लोकांना घरी पाठवलं, आणि त्या म्हणत, “स्वतः मात्र उशिरा आले.” गाडी चुकल्यानं स्टँडवर कुणी रडकुंडीला आलं, तर गोपाळराव माईक बाजूला ठेवून म्हणायचे, “बस जराक. दुसरी येते.” हे वाक्य घरातही चालायचं. मेघा बारावीत नापास झाली तेव्हाही हेच.

आणि खर्रा. नागपुराकडच्या माणसाला खर्ऱ्याबद्दल शहाणपण शिकवायला जाऊ नये, तो घोटता घोटता ऐकून घेतो आणि तोंडात टाकतो. गोपाळरावांनीही सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग घसा बसला, बसला तो उठेचना, आणि नागपुरात धंतोलीच्या एका डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की कॅन्सरची गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं तर जीव वाचेल. गळ्याला भोक राहील, त्यातून श्वास. आवाज मात्र कायमचा जाईल.

“मंग मी नाही येत,” गोपाळराव म्हणाले. “आवाज गेल्यावर मी कोण? काहून जगू?”

“एवढी वर्सं तुम्हीच बोलले ना,” प्रेमिलाबाई म्हणाल्या. “आता जराक मले बोलू द्या.” असं म्हणून त्या मागच्या दारी गेल्या आणि बऱ्याच वेळानं डोळे पुसून आल्या.

महिनाभर गोपाळराव हटून बसले. दुखणं वाढत होतं, डॉक्टर फोन करत होते. शेवटी मेघा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, “बाबा, तुमचा आवाज मी ठेवून घेते. ऑपरेशनच्या आधी तुम्ही खूप सारं बोला, मी रेकॉर्ड करते. त्याच्यावरून एक प्रोग्राम तुमचा आवाज शिकतो. मग तुम्ही मोठ्या फोनसारख्या टॅबवर लिहायचं आणि ते तुमच्या आवाजात बोलणार.”

“माह्याच आवाजात?”

“तुमच्याच.”

“रेडिओवाल्यासारखं तं नाही ना बोलन ते?”

“नाही बाबा. तुमच्यासारखंच.”

गोपाळराव तिच्याकडे पाहत राहिले. बसलेल्या घशानं ते हळूच म्हणाले, “डॉक्टरच्या भरोशावर नाही, तुया भरोशावर सही करून राहिलो मी. ध्यानात ठेवजो.”

रेकॉर्डिंग खाप्याच्या घरातच झालं. पंखा बंद, खिडक्या बंद, घामाच्या धारा. औषधानं घसा सकाळी थोडा मोकळा व्हायचा, तेवढ्या वेळात. प्रोग्रामनं वाचायला छापील वाक्यं दिली होती. “आज हवामान अत्यंत आल्हाददायक आहे,” गोपाळरावांनी वाचलं आणि कागद खाली ठेवला. “असं कोणी बोलते का वं? हे मी कधी बोललो? मले जे लागन ते बोलू दे.” मग ते आठवून आठवून बोलले. चहा मांड. लाईट काहून जळून राहिला. जयभीम, या, बसा. प्रशिक, गाडी हळू चालव. (प्रशिक म्हणजे मेघाचा धाकटा भाऊ.) सावनेर ते नागपूरचे सगळे थांबे ओळीनं. एकदा ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, “हसणंही ठेव, ते कुठून आणशीन?” शेवटच्या सकाळी त्यांनी मेघाला बाहेर जायला सांगितलं, दार लावलं आणि एकटेच फोनशी बोलत बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, “हे तुया आईसाठी आहे. तू नको ऐकू. मी घरी आलो का तिले ऐकवजो.”

मेघानं ऐकलं नाही. तिनं ते सगळं आपल्या खाजगी क्लाउड खात्यात चढवलं. फोन भरून गेला होता म्हणून फोनमधलं पुसून टाकलं. ‘फलाट बाबा’ लिहिलं की त्या खात्याची खिडकी उघडायची, आणि तिला पट्टी निळी, कारण बाबांना दुसरा रंग चालला नसता. पहिल्या दिवशी करून पाहायचं म्हणून तिनं आतल्या कप्प्याला ‘चाचणी’ नाव दिलं होतं, तेच पुढं चालू राहिलं. चाचणी एक, चाचणी दोन. नाव बदलू म्हणता म्हणता राहून गेलं. प्रोग्रामला आवाज शिकवायचं काम ऑपरेशननंतर निवांत करायचं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी धंतोलीच्या दवाखान्यात नेहमीसारखी गर्दी. यवतमाळचे, वर्ध्याचे, भंडाऱ्याचे लोक पिशव्या घेऊन हॉलमध्ये बसलेले. बाबांना आत नेलं. मेघाचा लॅपटॉप धावपळीत घरीच राहिला होता, प्रशिकनं आपला आणलेला. बसवत नव्हतं तिला. आत बाबांचा गळा कापताहेत आणि आपण बाहेर भिंतीवरचे फलक वाचतोय, हे तिला सोसेना. तिनं प्रशिकच्या लॅपटॉपवर साधा ब्राउझर उघडला, आपल्या खात्यात लॉगिन केलं, कानात इअरफोन घातले आणि बाबांना ऐकू लागली. “लाईट काहून जळून राहिला?” ती एकटीच हसली आणि लगेच तिला रडू आलं.

तेवढ्यात ऑफिसमधून वेदिकाचा फोन. पोरगी चांगली, पण घाबरट. “ताई, आज नको होता करायला, पण पतसंस्थेवाले डोक्यावर बसलेत. त्यांच्या चाचणी खात्यातले सगळे कप्पे आजच रिकामे करून हवेत, उद्या त्यांची तपासणी आहे. पुसायचा अधिकार फक्त तुमच्याकडे आहे.”

“करते,” मेघा म्हणाली. दोन मिनिटांचं काम. प्रशिकच्या लॅपटॉपवर ‘फलाट’ नव्हतं. तिनं त्याच ब्राउझरमध्ये दुसरा टॅब उघडला आणि पतसंस्थेच्या खात्यात लॉगिन केलं. कप्प्यांची यादी आली, चाचणी एक, चाचणी दोन, अशीच सगळी नावं. इकडे कानातला आवाज तुटला. बाबा अर्ध्या वाक्यात थांबले. ती पहिल्या टॅबवर गेली, पान म्हणालं पुन्हा लॉगिन करा, तिनं आपल्या खात्यात केलं. बाबा परत बोलू लागले, “कोराडी, महादुला...” आणि ते ऐकत ऐकतच ती दुसऱ्या टॅबवर आली. पान थोडं अडकलं होतं, तिनं ताजं केलं. यादी आली. चाचणी एक, चाचणी दोन. यादी आखूड झाली होती, ते तिच्या लक्षात आलं नाही. जी दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहून बोलायची, तिच्या खुर्चीमागे तेव्हा कुणी नव्हतं.

दारातून सिस्टरनं हाक मारली, “गोपाळरावांचं कोण आहे?”

मेघानं सगळे कप्पे निवडले. पान विचारत होतं, कायमचं पुसायचं असेल तर तसे शब्द लिहा. तिनं लिहिले, बोटांना सवय होती. एंटर मारलं, लॅपटॉप मिटला आणि धावत दारापाशी गेली. डॉक्टर घाम पुसत म्हणाले, ऑपरेशन उत्तम झालं, गाठ पूर्ण निघाली. प्रेमिलाबाईंनी डॉक्टरांना हात जोडले. प्रशिक बहिणीच्या गळ्यात पडून रडला. सगळे खूश होते, मेघाही.

वेदिकाचा फोन संध्याकाळी आला. कप्पे अजून भरलेलेच दिसतात म्हणाली. मेघाला वाटलं, काही अडकलं असेल. तिनं घरी येऊन आपल्या लॅपटॉपवरून काम करून टाकलं आणि झोपली. इतकी दमली होती की तिला काही सुचलं नाही. नाहीतर मग आधी पुसलं ते कुणाचं, हे तिथंच तिच्या डोक्यात यायला हवं होतं.

बाबा दोन दिवसांनी शुद्धीवर नीट आले. गळ्यात नळी, डोळे उघडे. त्यांनी मेघाकडे पाहून बोटानं हवेत लिहिल्यासारखं केलं, मग ओठांकडे बोट नेलं आणि भुवया उंचावल्या. मशीन कधी? “आणते बाबा, उद्या आणते,” मेघा म्हणाली. त्यांनी अंगठा दाखवला.

दुपारी घरी येऊन तिनं टर्मिनल उघडलं आणि लिहिलं, ‘फलाट बाबा’. खिडकी उघडली, निळी पट्टी. खातं बरोबर, लॉगिन बरोबर. आत काही नव्हतं.

तिनं पान ताजं केलं. पुन्हा केलं. खिडकी बंद करून आज्ञा पुन्हा लिहिली. मग नोंदी काढून पाहिल्या. पुसणाऱ्याचं नाव तिचंच, वेळ ऑपरेशनच्या दिवशीची. मग सिस्टरची हाक आठवली, दोन टॅब आठवले, वेदिकाचा फोन आठवला, आणि सगळं जागच्या जागी बसलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. असलं रडू तिला कधी आलं नव्हतं, शेजारच्या शामलाकाकू दार वाजवून विचारून गेल्या.

क्लाउडवाल्या कंपनीला तिनं पत्रावर पत्र लिहिलं. उत्तर अदबीनं आलं की पुसलेलं परत मिळत नाही, जुनी प्रत ठेवायची सोय तुम्ही चालू केली नव्हती. खरंच होतं. सगळ्या ग्राहकांची ती चालू करायची, आपल्या बापाची राहिली. तिनं फोन उपसला. गोपाळराव व्हॉइस मेसेज पाठवणाऱ्यातले नव्हतेच, “ज्याले बोलायचं त्यानं समोर बोलाव” असं त्यांचं मत. एकदाच चुकून बटण दाबलं गेलेलं सापडलं. “मेघा... लागला का वं हा? काही नाही, जेवली का विचारत होतो.” मेघानं तेवढंच प्रोग्रामला दिलं. प्रोग्राम म्हणाला, आवाज अपुरा आहे.

लग्नांचे व्हिडिओ काढले. त्यात बँड होता, डीजे होता, बाबा लांब कुठंतरी ओठ हलवताना दिसत होते. प्रशिकला तिनं सांगितलं तेव्हा तो बाहेर जाऊन गाडीवर बसून राहिला. आईला सांगायची तिची हिंमत झाली नाही. आई रोज विचारत होती, “कधी बोलतीन वं ते?” आणि “चार्जिंग करून आणजो, मधातच बंद नको पडाले.”

शेवटी लिहायला टॅब तर द्यायलाच हवा होता. पाणी मागायला, दुखतंय सांगायला. मेघानं त्यात तयार मिळणारा मराठी पुरुषाचा आवाज भरला. स्वच्छ, घासून पुसून काढलेला. तो घेऊन ती धंतोलीला गेली. प्रेमिलाबाईंना डबा विसळायला नळावर पाठवलं. पडदा ओढला आणि खुर्ची बाबांच्या उशाशी घेतली.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमचा आवाज गेला. माझ्या हातून पुसला गेला.”

त्यांना वाटलं ऑपरेशनचं सांगतेय. त्यांनी मान हलवली, माहीत आहे म्हणून.

“तो नाही. मी ठेवला होता तो. सगळा. आईसाठी बोलले होते तेही.” मग तिनं सगळं सांगितलं. दुसऱ्याचा लॅपटॉप, एकच ब्राउझर, दोन खाती. “एका फलाटावर दोन गाड्या लावल्या मी, बाबा. तुम्हीच सांगितलं होतं, आणि मीच लावल्या.”

गोपाळराव वरच्या पंख्याकडे पाहत राहिले. त्यांचा हात गळ्याशी गेला, नळीपाशी थांबला. छाती वरखाली होत होती आणि नळीतून नुसता वारा सुटत होता. ते रडत होते, पण रडण्याचाही आवाज येत नव्हता. मेघानं त्यांचे पाय धरले. तिला वाटत होतं, त्यांनी शिव्या द्याव्यात, अख्खा वॉर्ड हादरेल अशा. त्या कधी येणार नव्हत्या.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात पुढे केला. मेघानं टॅब दिला, कुठं दाबायचं ते दाखवलं. ते एका बोटानं लिहू लागले. चुकायचं, पुसायचे, पुन्हा लिहायचे. मध्ये थांबून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग बटण दाबलं.

“रडू नको, बेटा,” टॅब म्हणाला. भरदार, गुळगुळीत, बातम्या देणाऱ्या माणसाचा आवाज. “बस जराक. दुसरी येते.”

बाबा दचकले. त्यांनी टॅब जरा लांब धरून पाहिला, जसा कुणी अनोळखी माणूस जवळ येऊन बसलाय. मेघानं तोंडावर हात धरला. माफी मिळाली होती, आणि ती कुणाकडून मिळाली हे तिला कळेना.

पडद्याबाहेर डब्याचा खडखडाट थांबला. पडदा थोडासा सरकला. प्रेमिलाबाई आत आल्या नाहीत, उंबऱ्याशी उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. हात ओले, आणि त्या ओल्या हातांनीच त्यांनी डोक्यावर पदर घेतलेला.

“कोणी पाव्हणे आले का वं?” त्यांनी हळूच विचारलं.

“कोणी नाही, आई,” मेघा म्हणाली. “बाबाच आहेत.”

प्रेमिलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, खाटेच्या पलीकडे पाहिलं. पदर तसाच डोक्यावर होता.

“मंग आत्ता बोलले ते कोण होते?”